बिनगाडीवाल्याचे बॅज

काकांनी जन्मात कधी गाडी घेतली नाही, चालवायलाही शिकले नाहीत. पण गाड्यांचे दागिने त्यांच्या घरात इतके होते की काकू पाहुण्यांना सांगायच्या, "आमच्याकडे दागिने सगळे करून झालेत, नवरी तेवढी यायचीय."

पूर्वी मोठमोठी प्रदर्शनं भरायची. नवी यंत्रं, दिव्यांचे मनोरे, कारंजी, काय काय. गाडी घेऊन गेलेले हौशी लोक आठवण म्हणून गाडीलाच काहीतरी लावून परतायचे. समोरच्या जाळीवर बसवायचा मीनाकामाचा गोल बॅज, मनोरा कोरलेली गिअरची मूठ, डॅशबोर्डवरचं होकायंत्र, एखादं फूल खोचायची काचेची नळी. पुढे प्रदर्शनं उठली, गाड्या भंगारात गेल्या आणि हे किडुकमिडुक जुन्या बाजारात येऊन पडलं. तिथून ते काकांनी घरी आणलं. काकूंची चांगली भांडी माळ्यावर गेली आणि काचेच्या कपाटात बॅज बसले.

काकांचं चष्म्याचं दुकान होतं. आयुष्यभर तांदळाएवढे स्क्रू फिरवलेला हात. भंगारात एखाद्या गाडीवर बॅज दिसला की ते आधी स्क्रूवर तेलाचा थेंब सोडून स्वस्थ बसत. मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तेवढं उघडं ठेवून दांडीला चष्मे पुसायचं मऊ कापड गुंडाळत. बॅज निघाला की स्क्रू परत त्याच भोकात बसवून ठेवत.

"अहो, उद्या या गाडीचा पत्रा होणार. ओरखडा आला तर कोण रडणार आहे?" भंगारवाला हसायचा.

"मी," काका म्हणायचे. हा माणूस चेष्टेतही खोटं बोलत नसे.

मग त्यांना विसराळूपणा लागला. पहिल्यांदा चष्म्याचे नंबर गेले, मग गिऱ्हाइकांची नावं, मग दुकानच गेलं. एका सकाळी त्यांनी चहाच्या कपाशेजारी काहीतरी चकचकीत आणून ठेवलं. चेहरा नुसता उजळला होता.

"अगं, मिळाला! निळ्या मनोऱ्याचा! किती वर्षं शोधत होतो."

काकूंच्या तोंडचं पाणी पळालं. ते खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांच्या गाडीवरचं कंपनीचं चिन्ह होतं. निळ्या मनोऱ्याचा बॅज तर कपाटात मधोमध कधीचा बसलेला होता.

डॉक्टरांची गाडी त्यांच्या वडिलांच्या वेळची. तिच्यावर पोरीसारखी माया. चिन्ह परत द्यायला काकू मान खाली घालून गेल्या, तेव्हा डॉक्टर आधी उखडलेच. मग त्यांनी वाकून जाळी पाहिली आणि तिच्यावरून हात फिरवला. स्क्रू जागच्या जागी होते. रंगाला कुठे बोट लागल्याची खूण नव्हती.

"काकू, काढलंय मात्र सुरेख," ते म्हणाले. "पण रोज रोज नको हं."

रोजच व्हायला लागलं. शेवटी डॉक्टरांनी काकूंच्या मुलाला फोन केला. मुलगा दुसऱ्या गावी. वाईट नव्हता, थकलेला होता.

"आई, कोणाचं नुकसान होत नाही तोवर मी काही बोलणार नाही. पण ज्या दिवशी कोणाच्या गाडीला ओरखडा येईल, त्या दिवशी येऊन बाबांना घेऊन जाईन. वृद्धाश्रमात खोलीचं बोलून ठेवलंय."

ती जागा काकूंनी पाहिली होती. स्वच्छ होती, माणसं प्रेमळ होती. फक्त खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. परतताना काकू बसमध्ये रडल्या.

मग त्यांनी एक युक्ती काढली. डॉक्टरांच्या हातापाया पडून त्यांनी कंपनीचं चिन्ह काढून ठेवायला लावलं आणि त्याच जागी संध्याकाळी निळ्या मनोऱ्याचा खरा बॅज स्वतः बसवला. सकाळी काका खाली गेले, "मिळाला!" म्हणत वर आले आणि तो कपाटातल्या रिकाम्या जागी ठेवून आनंदात चहा प्यायले. दुपारपर्यंत विसरले. संध्याकाळी काकू पुन्हा बॅज घेऊन खाली.

ज्या छंदाला त्यांनी जन्मभर नाकं मुरडली, त्याची शागिर्दी त्या म्हातारपणी करत होत्या. तेलाचा थेंब, थोडं थांबणं, दांडीला कापड. सकाळी डॉक्टर गॅलरीत दात घासत आपल्याच गाडीवरची चोरी बघायचे आणि तोंडातला फेस सांभाळत काकूंना हात करायचे. कसं का होईना, संसार चालला होता. तरी काका वर येईपर्यंत काकूंचा जीव रोज टांगणीला लागायचा.

एका सकाळी काकांना वर यायला उशीर झाला. आले तेव्हा हातात बॅज नव्हता. "चहा टाक," म्हणाले आणि खुर्चीत बसले. गॅसवर पाणी होतंच, ते तसंच टाकून काकू धावत खाली गेल्या.

बॅज जाळीवर वाकडा लोंबत होता. एक स्क्रू जमिनीवर पडला होता. शेजारी कापड होतं, घडी न मोडलेलं. आणि बॉनेटवर वीतभर लांब पांढरा ओरखडा.

डॉक्टर खाली आलेच. ओरखड्याकडे पाहून त्यांचा जबडा आवळला गेला. काकूंना वाटलं, आता बोलतील. पण ते बोलायच्या आत काका काकूंना शोधत जिना उतरून आले. त्यांनी ओरखडा पाहिला आणि त्यांचा पारा चढला.

"कोण गाढव आहे हा? कापड न गुंडाळता हत्यार लावतो? डॉक्टर, ही तुमच्या वडिलांची गाडी ना?" खिशातून रुमाल काढून ते बॉनेटवर वाकले आणि ओरखडा हलके हलके पुसू लागले. तो काही पुसला जाईना.

डॉक्टरांनी तोंड फिरवलं. मग काकूंच्या जवळ येऊन हळूच म्हणाले, "रंग मी मारून घेईन. मुलाला नका सांगू. मी काही पाहिलं नाही."

काकूंना त्या चांगुलपणाचा फार मोह झाला. अजून एक महिना, अजून एक पावसाळा. पण घडीचं कापड त्यांच्या मुठीत होतं. काकांचं डोकं गेलं तेव्हा त्यांनी धीर धरला होता, कारण हात शाबूत होते. आता हातही विसरले होते.

"सापडला का तो?" काकांनी विचारलं.

"सापडला."

"अशा माणसाच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर ठेवू नये गं. काढून घे आधी."

काकू पुढे झाल्या. त्यांनी काकांच्या सदऱ्याच्या खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. काकांनी त्यांना तो शांतपणे काढू दिला, त्याकडे पाहिलंही नाही.

"घेतलास?"

"घेतला हो."

"बरं केलंस," काका म्हणाले आणि परत ओरखडा पुसायला लागले.

काकू वर गेल्या. गॅसवर चहाचं पाणी आटत आलं होतं. त्यांनी गॅस बंद केला, स्क्रू-ड्रायव्हरला ते कापड नीट गुंडाळलं आणि मुलाला फोन लावला.