बशीतली आतडी

प्रयोगशाळेतले मामा म्हणजे मायेचा महापूर. कुंडीतल्या रोपाला मूळ फुटलं का, हे ते रोप उपटून बघत. अशा माणसाच्या हाती बाईंनी डुकराची आतडी वाढवायला दिली, यात चूक कोणाची ते ज्याचं त्याने ठरवावं.

बाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. डुकराच्या पिल्लांचं आईचं दूध तुटलं की त्यांना जुलाब का होतात, याचा छडा लावायला त्यांनी अर्धं आयुष्य घातलं होतं. त्यासाठी लागायचं ताजं आतडं. आता ताजं आतडं पिल्लाच्या पोटात असतं आणि कुठलंच पिल्लू ते खुशीने देत नाही. शेवटचं इंजेक्शन बाई देत, पिल्लाला मांडीवर धरायचं काम मामांचं. त्या दिवशी मामांचा डबा भरलेला तसाच घरी यायचा आणि मामी एरवी कितीही बोलक्या असल्या तरी तेव्हा काही विचारत नसत.

मग नवी पद्धत आली. आतड्याच्या एका कणातल्या पेशी घ्यायच्या, थंडगार जेलच्या थेंबांत मिसळून बशीत सोडायच्या आणि अंगाइतकी ऊब देणाऱ्या पेटीत ठेवायच्या. थेंब घट्ट होतो आणि त्यात खसखशीहून बारीक, पोकळ गोळे वाढू लागतात. ऑर्गनॉइड म्हणतात त्यांना. भिंत मात्र अस्सल आतड्याची, पाणी शोषणारी आणि पाणी सोडणारी.

"म्हणजे बघ, पोट नसलेलं आतडं," मामांनी घरी समजावलं.

"तुमचं उलट आहे. नुसतंच पोट," मामी म्हणाल्या.

बाईंनी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. "मामा, या गोळ्यांवर जुलाब लावणारं औषध घातलं की ते पाण्याने फुगले पाहिजेत. फुगले, तर आपलं काम बशीतच होईल. नाही फुगले तर..."

वाक्याचा उरलेला भाग मागच्या आवारात पेंढ्यात नाक खुपसून बसला होता. शेतावरून आणलेली दोन मादी पिल्लं, एक थोराड, एक किडकिडीत. प्रयोगाच्या जनावरांना नावं द्यायची नाहीत, असा मामांचा कडक नियम होता. थोरली आणि धाकटी ही काही नावं नव्हेत, असं त्यांचं म्हणणं. रोज येता-जाता ते दोघींचे कान खाजवत आणि "होईल हो, होईल" असं कोणाला तरी सांगत.

पण होत नव्हतं. पहिल्या खेपेचे गोळे मनुकांसारखे आक्रसले. दुसऱ्या खेपेचेही. बाईंनी जेल बदललं, गोळ्यांचं खाद्य बदललं, पेटी दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. मामा तर रडवेले झाले.

"एवढा जपतोय हो बाई! सारखा काढून बघतो."

"काढून? कुठून काढून?"

"पेटीतून. मायक्रोस्कोपखाली. चहाआधी, चहानंतर, जेवायला जाताना. त्यांना तरी वाटायला नको, आपल्याला कोणी विचारत नाही."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो मामा, तान्ह्या पोरांना दिवसभर उघड्यावर फिरवताय तुम्ही!"

पेटीचं दार उघडलं की ऊब जाते, आतली हवा बिघडते, बशी हिंदकळते. मामांनी दोन्ही खेपा लाड करून मारल्या होत्या.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा मामींना जराही नवल वाटलं नाही.

"आपली लेक तान्ही असताना श्वास चालू आहे का बघायला तुम्ही तिच्या नाकाशी बोट धरायचात. ती दचकून उठायची आणि मग मी जागी."

"पण वाढली ना ठणठणीत?"

"वाढली, कारण मी तुम्हाला बाहेरच्या खोलीत काढलं." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "हे बघा, पेटी उघडावीशी वाटली की मला फोन करायचा. पेटीला हात नाही लावायचा."

आणि मामांनी खरोखरच फोन केले. "अगं, काय करतेस?" "कपडे वाळत घालतेय. तुम्ही?" "काही नाही." "मग तेच करत राहा." लग्न ठरल्यावरसुद्धा दोघांचं एवढं बोलणं झालं नव्हतं. बशीला खाद्य घालायच्या वेळी तेवढं दार उघडायचं. तेव्हाही मामा नजर दुसरीकडे वळवून, खाद्य सांडणार नाही इतपतच बघत.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी तिसऱ्या खेपेच्या गोळ्यांवर औषध घातलं, बशी कॅमेऱ्याखाली सरकवली आणि कॅमेऱ्याचा पडदा सुरू केला. मामा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"मामा, बघा."

"गेले का?"

"बघा म्हणते ना!"

पडद्यावर गोळे फुगत होते. सुरकुतलेले ताणले जात होते, ताणलेले फुग्यासारखे गोल होत होते. आतड्याची ती चिमुकली भिंत आत पाणी सोडत होती, अगदी पिल्लाच्या पोटात सोडते तशीच. मामांनी आधी बाईंचे दोन्ही हात धरले, मग ते सोडून व्हरांड्यात धावले.

"जुलाब! अहो, जुलाब झाले!"

शेजारच्या खोलीतल्या कारकुनाने चटकन उठून संडासाची किल्ली पुढे केली.

पुढच्या आठवड्यात दोघींना परत न्यायला शेतावरची गाडी आली. थोरली आपल्या पायांनी फळीवरून चढली. धाकटीला मामांनी कडेवर घेतलं. दोघींना कापायचं नाही, मोठ्या झाल्या की पिल्लांसाठी ठेवायचं, असं बाईंनी शेतमालकाकडून वदवून घेतलं होतं. धाकटी मामांच्या बाहीशी चाळा करत होती. ड्रायव्हरने तिला अलगद घेतलं, मागचं दार लावलं आणि गाडी हलली. मामा हात हलवायला गेले, तर बाहीचं बटण गायब.

"अहो थांबा! बटण गिळलंय तिने!"

"मग आता?" ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं.

"दोन दिवस मागून लक्ष ठेवा! पडलं की मला फोन करा!"

"बटण परत हवंय का?"

"बटण घाला चुलीत!" गाडीमागे धावत मामा ओरडले. "ती बरी आहे एवढं कळवा!"