आधी त्याचं म्हणणं सांग

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा हिवाळा. मी हवालदार होतो आणि माझ्याकडे बर्फातली तीन माणसांची चौकी होती. मी फैजपूरचा, केळीवाल्याच्या घरातला. नाईक सुभाष धुळ्याच्या देवपूरचा, कॉलेज अर्धं सोडून आलेला, रेडिओ सेट सांभाळायचा. शिपाई भिका पहूरचा. तिघंही खान्देशातले म्हणून मी खुशीत होतो. म्हटलं, गप्पा तरी होतील. कसल्या गप्पा अन् कसलं काय!

दिवस ठरलेला. ०५०० ला उठायचं, स्टोव्ह पेटवून बर्फ वितळवायचा. ०६०० आणि १८०० ला कंपनीला रिपोर्ट. ०८०० ला सुभाष सेट घेऊन वरच्या धारेवर जायचा, १००० ला परत. थंडीत बॅटरी मरते, म्हणून जादा बॅटरी रात्रभर कोणीतरी अंगाशी धरून उबेत ठेवायची, सकाळी सुभाष ती बरोबर न्यायचा. आमच्याकडे ते काम भिकाचं. तो ती बनियनच्या आत बांधायचा आणि तिला 'मन्ही बायको' म्हणायचा. खरी बायको पहूरला होती, पहिलटकरीण. भिकाची रजा मंजूर होती.

एक दिवस सुभाष वर गेला आणि धुकं आलं. सेटची बॅटरी संपली. जादा लावली तर तीही गार, मेलेली. दोन तासांचे चार झाले. तो चाचपडत परत आला तेव्हा ओठ निळे पडले होते. आल्या आल्या भिकाची गचांडी धरली. मी सोडवलं. पण १८०० च्या रिपोर्टमध्ये त्याने कंपनीला सांगूनच टाकलं, "बॅटरीत हलगर्जी. शिपाई भिका. ओव्हर."

उत्तर लगेच आलं. "चौकशी होईपर्यंत रजा बंद. आउट."

त्यानंतर दोघांचा अबोला. एकोणीस दिवस! "उस्ताद, त्याला सांगा मीठ द्यायला." उस्ताद म्हणजे मी, आणि मीठ मागणाऱ्याच्याच हातभर अंतरावर. तुम्हा सिव्हिलमधल्या माणसांना ऑफिसात असं झालं तर संध्याकाळी घर असतं. आम्हाला बारा फुटांची झोपडी होती. रागावलेले ते दोघं, पण एकटा पडलो मी. स्टोव्हशी बोलायची वेळ आली होती माझ्यावर. आणि त्या दोघांना एका दोराला बांधून बर्फावर पाठवायची मला भीती वाटायला लागली. दोर धरणाऱ्याच्या मनात राग असेल तर?

ऑर्डर देऊन पाहिली. "हात मिळवा." मिळवले. हातमोज्यांतून.

मग माझे आबा आठवले. केळीच्या पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत जुंपली की दोघं आबांकडे यायचे. आबा त्यांना बांधावर समोरासमोर बसवायचे. नियम एकच, आपलं गाऱ्हाणं सांगायचं नाही. आधी समोरच्याचं सांगायचं, आणि तो 'हो, असंच' म्हणेपर्यंत सांगत राहायचं.

विसाव्या दिवशी दुपारी दोघांना समोरासमोर बसवलं. सुभाष शिकलेला, त्याला पहिलं बोलायला लावलं.

"त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेत. त्याची रजा माझ्यामुळे गेली."

"अजून काही?" मी भिकाला विचारलं.

"मन्ही चूक काय, ते माले कोनी इचारंच नही," भिका म्हणाला.

सुभाषने मान खाली घातली. "आणि त्याला मी विचारलं नाही. सरळ वर सांगितलं."

"हा. आसंच शे."

मग भिकाची पाळी. तो तोंडातल्या तोंडात म्हणाला, "एखलाच व्हता तो वर. सेटवर बोली ऱ्हायंता, कोनी ऐकी नही ऱ्हायंतं. त्याले भेव वाटनं व्हई."

सुभाष 'असंच' म्हणू शकला नाही. तोंडावर हात धरून रडला. राग नव्हताच तो, भीती होती. आपण मरतोय आणि कोणाला ऐकूही जात नाही, ही भीती.

आता चूक कोणाची ते राहिलं होतं. "त्या सकाळी बॅटरी कुठे होती रे?" मी भिकाला विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. "फळीवर. तुम्हीच माले पहाऱ्यावर धाडं ना, उस्ताद. बॅटरी काढीसन ठेव म्हने."

धाडलं होतं. मला ताप होता, त्याला माझ्या जागी उभं केलं, बाहेर गारठेल म्हणून बॅटरी काढून ठेवायला लावली आणि ती माझ्या अंगाशी घ्यायची विसरलो. एकोणीस दिवस त्याने तोंडातून ब्र काढला नाही. आणि मी न्यायाधीश होऊन बसलो होतो! लाज वाटली, आजही वाटते.

१८०० ला सेट मीच घेतला. "चूक माझी. हवालदार. भिकाची रजा सोडा. ओव्हर."

रजा सुटली. चौथ्या दिवशी बदलीचे दोघे दुसरा सेट घेऊन वर आले. सुभाष म्हणाला, भिकाला खालच्या चौकीपर्यंत सोडायला मीच जातो. पुढे सुभाष, मागे भिका, मध्ये दोर. सेट भिकाच्या पाठीवर, जादा बॅटरी बनियनमध्ये.

१०४० ला चौकीतला नवा सेट बोलला. "उस्ताद, सुभाष भेगेत पडना. दोर मन्हा हातमा शे. लवकर या."

बदलीतल्या एकाला घेऊन मी निघालो. पोचायला पन्नास मिनिटं लागली. वळणाच्या अलीकडूनच भिकाचा आवाज आला. बर्फात पालथा पडून, दोर कमरेला आवळून तो भेगेत बोलत होता. पहूरचा बाजार, म्हशीचं नाव, बायकोने पाठवलेली चटणी, सगळं सांगत होता. खालून उत्तर येत नव्हतं. सुभाषला वर काढलं तेव्हा तो गेलेला होता. डोक्याला मार होता.

"कधीपासून बोलत नव्हता तो?" मी विचारलं.

"अर्धा तास व्हयना व्हई," भिका म्हणाला. "पन त्याले ऐकू येत व्हतं तर?"

भिका घरी पोचला तेव्हा मुलगी आठ दिवसांची झाली होती.

पेन्शनीवर आल्यावर मी देवपूरला गेलो. सुभाषच्या आईला आम्ही अक्का म्हणतो. त्यांनी चहा ठेवला आणि पाठमोऱ्याच उभ्या राहून विचारलं, "शेवटी एकटाच होता का हो?"

"नाही अक्का," मी म्हणालो. "भिका त्याच्याशी बोलत होता."