मॅडमच्या विमानाच्या नाकातलं वजन

मॅडमचं शेवटचं विमान उभंच राहत नव्हतं. शेपटीवर बसत होतं.

मांजर बसतं ना, तसं. नाक वर करून.

आठवडाभर माझं कशात लक्ष नाहीये. आज त्यांचं वर्षश्राद्ध. आत पंगत बसलीय आणि मी त्यांच्या नाशिक रोडच्या घरी गॅलरीत उभी राहून हे टाइप करतेय. आत बसवतच नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: वैशाली मॅडम डेंटिस्ट होत्या. आणि विमानांची स्केल मॉडेल्स बनवायच्या. पण फक्त अशा विमानांची, जी कधी बनलीच नाहीत.

साधारण साठेक वर्षांपूर्वी ब्रिटिशांना समुद्रावर गस्त घालायला, पाणबुड्या शोधायला नवीन विमान हवं होतं. बऱ्याच कंपन्यांनी डिझाइन्स दिली. एक सिलेक्ट झालं. बाकीची कागदावरच राहिली.

मॅडम ती बाकीची बनवायच्या.

आमची ओळख माझ्या रूट कॅनलमध्ये झाली. समोर शोकेसमध्ये एक विचित्र विमान होतं आणि मी त्याच्याकडे टक लावून बघतेय, हे त्यांनी पकडलं.

माझ्या तोंडात कापूस, सक्शनची नळी. आणि ह्या विचारतायत, "सांग बरं, पंखेवालं की जेट?"

"आँ."

"करेक्ट. दोन्ही. विंगवर दोन पंखेवाली इंजिनं आणि शेपटीत एक जेट."

दात बरा झाला तरी मी जात राहिले. शनिवारी सातपूरच्या कंपनीतून सुटले की थेट क्लिनिक. आई म्हणायची, "अजून किती दात राहिलेत तुझे?"

माऊथगार्ड बनवायच्या मशीनवर मॅडम कॉकपिटची काच बनवायच्या. दाताच्या मसाल्यातून विमानाचं नाक. पेशंट आला की ग्लोव्ह्ज बदलून, "हं, आ करा."

तेच शोकेसमधलं विमान त्यांना मोठ्या स्केलमध्ये करायचं होतं. त्याची ड्रॉइंग्ज फक्त दोन मिळालेली. बाजूचं आणि वरचं. पुढून कसं दिसणार होतं, कुणालाच माहीत नाही. त्यावरून आमची मस्त भांडणं.

मी म्हणायचे, "स्टँडवर लावू ना, उडतंय असं. चाकांची कटकटच नको."

"अगं, ते बिचारं हँगरमधूनसुद्धा बाहेर आलं नाही कधी. आधी जमिनीवर उभं तर राहू दे."

मग केमो सुरू झाली. मग मागच्या वर्षी मॅडम गेल्या.

गेल्या आठवड्यात काकांचा फोन आला. काका म्हणजे मॅडमचे मिस्टर, नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले. क्लिनिक आता दुसरे डॉक्टर घेतायत, शोकेस रिकामी करायची होती.

"हे एक अर्धवट राहिलंय. तेवढं पूर्ण करशील? वर्षश्राद्धाला फोटोसमोर ठेवू."

मी उड्या मारतच घेऊन आले. चाकं लावली. टेबलावर ठेवलं.

बसलं शेपटीवर.

मॉडेलिंगमधली ही अगदी पहिलीची चूक. असल्या विमानाची शेपूट जड असते. म्हणून बॉडीचे दोन अर्धे भाग चिकटवायच्या आधी नाकात वजन भरायचं. मला हे मॅडमनीच शिकवलं. आणि एकदा विसरले तर दोन आठवडे चिडवलं.

आणि त्या स्वतः विसरल्या होत्या. बॉडी बंद. जोड इतका सुंदर घासलेला की नख फिरवलं तरी लागत नाही.

आता काय करू? कापू? त्यांच्या हातचा शेवटचा जोड आहे तो.

चार दिवस घरात येरझाऱ्या. ऑफिसमध्ये चुकीची फाइल पाठवली. शेवटी एक जुगाड सुचला. विमान एका फळीवर ठेवून पुढचं चाक तिला चिकटवून टाकायचं. कुणाला कळणारही नाही.

काकांना फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, "चिकटवायचं कशाला?"

मग खरं सांगावंच लागलं.

काका म्हणाले, "बॉडी दिवाळीनंतर, केमो चालू असताना जोडली ना तिने? तेव्हा गॅस चालू ठेवून बाहेर यायची. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवसापासून चहा मी करायला लागलो."

मी म्हटलं, "काका, म्हणूनच म्हणते, फळीला चिकटवू. मॅडमची चूक कशाला दाखवायची?"

"हे बघ. एखाद्याच्या दातातलं फिलिंग जरा उंच राहिलं ना, की ती पेशंटला परत बोलवायची. तो म्हणायचा, चालतंय मॅडम. ही म्हणायची, तुला चालत असेल, मला नाही चालत."

"पण काका..."

"काप तू. मी आहे शेजारी."

आज सकाळी, गुरुजी यायच्या आधी, डायनिंग टेबलावर कापलं. काका म्हणाले, "आ करा म्हण त्याला." दोघंही हसलो.

नाक उघडलं.

आत एक छोटा कप्पा होता. बरोब्बर वजनाच्या मापाचा, कडा घासून गुळगुळीत केलेला. जागा केली होती त्यांनी. भरायचं राहून गेलं.

आमच्या वर्कशॉपमधले बेअरिंगचे छर्रे आणले होते. एकेक टाकत गेले. काकांनी शेपटीखाली बोट धरलं होतं.

"काढू?"

"थांबा."

"आता?"

"अजून दोन. हां. काढा."

त्यांनी बोट काढलं.

विमान तिन्ही चाकांवर उभं राहिलं.

काकांनी बोट काढलं खरं, पण लांब नाही नेलं. तिथेच ठेवलं, शेपटीच्या जरा खाली. गुरुजींनी बेल वाजवली तरी उठले नाहीत.

आता ते फोटोसमोर आहे. रंग नाही, कापलेली रेघ स्पष्ट दिसतेय. लोक विचारतायत हे कुठलं विमान, आणि काका प्रत्येकाला पहिल्यापासून सांगतायत.

मॅडम, उभं राहिलं बरं का.

खूप आठवण येते तुमची. नमस्कार.