डाव्या कोपऱ्यातला ठिपका

पेंटर परदेशी निघाला तेव्हा गल्लीतल्या लोकांना हसावं की रडावं ते कळेना. उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेला. विमानाशी संबंध आला तो एकदा एका पाटीवर विमान काढलं तेवढाच, आणि तेही माशासारखं दिसतं म्हणून गिऱ्हाईक भांडलं होतं. असा हा बाबा आता केस पिकल्यावर लंबूला भेटायला चालला होता.

लंबू म्हणजे त्याचा जिवलग दोस्त. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकले, एकाच शिडीवर आळीपाळीने चढले. लंबू तरुणपणीच बाहेर गेला आणि फोनवर सांगत राहिला, "अरे, इथे हाताने काढलेल्या पाटीला मान आहे. शहरभर माझ्या पाट्या आहेत, एकदा येऊन बघ लेका!"

हे बोलणं पेंटरने उराशी धरून ठेवलं होतं, कारण इकडे त्याच्या धंद्याची पार वाट लागली होती. तासाभरात छापील फलक मिळत असताना रंगाचे डबे घेऊन येणाऱ्याला कोण विचारतो? शेवटी त्याने दुकान सोडलं, शिडीसुद्धा विकली आणि तिकीट काढलं. लंबूला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. त्याने विचारलं की हा ठोकून द्यायचा, "झकास चाललंय!" मला तुझ्या हाताखाली घे, हे मात्र तोंडावर सांगायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

"अहो, आधी फोनवर विचारून तरी घ्या," बायको म्हणाली.

"दोस्ताला काय विचारायचं? समोर उभा राहिल्यावर नाही म्हणणार आहे का तो?"

लंबूची खोली बघून पेंटर जरा चपापला. एक खाट, एक शेगडी, आणि खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. लंबूने त्याला खाट दिली आणि स्वतः खाली अंथरलं. "मोठ्या शहरात जागेची मारामार असतेच," पेंटरने मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी दोघं शहर बघायला निघाले. लंबूने नदीवरचा पूल दाखवला, तर पेंटर पुलावरचा सूचनाफलक न्याहाळत बसला. लिपी वाचता येत नव्हती, पण रंगवणाऱ्याचा हात ओळखायला वाचता कशाला यायला हवं? एका चपलांच्या दुकानासमोर लंबू थांबला. "ही माझी."

पेंटरची नजर आपोआप खालच्या कोपऱ्याकडे गेली. पाटी पूर्ण झाली की ब्रशात उरलेल्या रंगाचा एक ठिपका कोपऱ्यात द्यायचा, ही उस्तादाची शिकवण. तीच आपली सही. पेंटर ठिपका उजवीकडे द्यायचा आणि डावखुरा लंबू डावीकडे. या पाटीवर ठिपका कुठेच नव्हता. अक्षरांची वळणंही उजव्या हाताची होती.

"नंबरी काम आहे," पेंटर म्हणाला.

पुढे बेकरीची पाटी आली, मग न्हाव्याची. तिथेही तेच. न्हाव्याच्या पाटीनंतर त्याने कोपरे बघायचं सोडून दिलं. रात्री जेवताना मनातली गोष्ट ओठांपर्यंत आली, पण त्याने ती पाण्याबरोबर गिळली.

सकाळी लंबू कामावर गेला. "तू आराम कर," असं तो बजावून गेला होता, पण पेंटरला त्या भिंतीकडे बघवेना. तो उगाच भटकत निघाला. दोन गल्ल्या पलीकडे एक बंद पडलेलं दुकान होतं. समोर शिडी, आणि शिडीवर ते ओळखीचे लांबलचक पाय. लंबू डाव्या हातात पातं धरून पाटीवरची अक्षरं खरवडत होता. सालपटं खाली फुटपाथवर पडत होती. पाटी हाताने रंगवलेली होती, आणि तिच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात निळा ठिपका होता.

लंबूने वळून पाहिलं. मग सावकाश उतरला आणि शिडीच्या पायरीवर बसला.

"होत्या रे माझ्या पाट्या," तो म्हणाला. "दुकानं बदलली की छापील फलक लावणारी आमची कंपनी खरवडायला मलाच पाठवते. ही शेवटची. आज जायचीच होती, म्हणून काल इकडे आणलं नाही तुला."

पेंटरने लंबूच्या खांद्यावर हात ठेवला. लंबूने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदाच जीव आला.

"एक मागू? मला परत यायचंय. तुझं झकास चाललंय म्हणून धीर होतो. दुकानात एक कोपरा दे, नुसत्या रेघा आखीन. तुझ्या हाताखाली घे मला."

इतके महिने मनात घोळवलेलं वाक्य पेंटरने आता दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. खरं सांगायला हवं होतं, हे त्यालाही कळत होतं.

"हात्तिच्या, मागतोस काय! ये की," तो म्हणाला.

"आपली जुनी शिडी आहे ना अजून?"

"आहे ना."

लंबू डोळे पुसत, हसत पुन्हा वर चढला आणि भराभर खरवडू लागला. खाली पिशवीत आणखी एक पातं होतं. पेंटरने ते उचललं. शिडीच्या डावीकडे उभं राहून जमिनीवरून त्याचा हात पाटीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातल्या ठिपक्यापर्यंतच पोचत होता.