आत्याबाईंचं कडवं

आमचे हे सकाळी पंचवटीत भाजीच्या गाड्यावर असतात आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत वाजवतात. तो आडवा, बटनांचा बेंजो, वरातीत गळ्यात पट्टा अडकवून वाजवतात ना, तो. एक दिवस मोबाईल घेऊन धावतच घरात आले, म्हणाले, "बघ, बघ." त्यात गोरे म्हातारे ओट्यावर बसलेले, एकाच्या हातात गोल बेंजो, एकाच्या खांद्याला सारंगीसारखं काहीतरी, ढोल नाय, ताशा नाय, आणि बोटं अशी पळत होती की मला बघूनच दम लागला. म्हणाले, "ह्याला ब्लूग्रास म्हणतात. निळं गवत."

मी म्हणलं, "निळं गवत आमच्या दिंडोरीकडच्या म्हशीनं हुंगलंसुद्धा नसतं."

हसले, पण त्या दिवसापासून घरात तीच चाल. ह्यांच्या पार्टीतले म्हणायचे, "काय रे, गवत उगवलं का?" हे ऐकायचेच नाय. आणि मी तिकडं चुलीशी, म्हणजे गॅसशीच, भाकरी थापत असायचे, तर ती चाल बरोबर माझ्या थापेवर बसायची. धप धप धप धप. तोंडातून शब्द कधी निघायला लागले मलाच कळलं नाय. मला लिहायला जमत नाय धड, जोडाक्षर आलं की हात अडतो, म्हणून मी मोबाईलमध्येच बोलून ठेवायचे, बाळ झोपलं की हळूच.

हे सांगायचे की त्या गोऱ्यांच्या गाण्यात सगळं गाडीचं, घराचं, आईचं असतं. नणंदेचं लग्न मनमाडला ठरलेलं, म्हणून मी धरलं:

आली आली गाडी, मनमाडची गाडी,
नणंद निघाली नेसून पिवळी साडी.

आता आमच्या माहेरी अशी रीत हाय की गाणं रचलं तर पहिलं देवाचं, मग घरातल्या एकेकाचं कडवं, एकही माणूस सोडायचं नाय. सोडलं की ते माणूस वर्षभर तोंड फिरवतं. म्हणून मी सासऱ्यांचं केलं:

मामंजी बसले दाराशी, चष्मा त्यांचा कपाळाशी,
चष्माच शोधत फिरती घरभर गाडी सुटायच्या वेळेशी.

देवाचं माहेरचंच ठेवलं, दिराचं केलं, ह्यांचं केलं, जावेचं केलं, बाळाचं तर सगळ्यात आधी झालेलं. फक्त सासूबाईंचं होईना. मी त्यांना आत्याबाई म्हणते. गोड केलं तर खोटं वाटायचं, खरं केलं तर मांडवातच भांडण. मी म्हणायचे, उद्या करू. उद्या, उद्या करत हळद उंबऱ्यावर आली.

आणि ह्यांनी घरात सांगून टाकलं की हळदीला डीजे नाय, आपल्या घरचं गाणं, माझी बायको म्हणणार. माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं. आत्याबाई गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाईमाणूस बेंजोवर? बरं. म्हण एकदा. पण मध्येच अडलीस आणि चारचौघांत माझी मान खाली घातलीस, तर परत या घरात गाण्याचं नाव काढायचं नाय. तू पण आणि तो पण."

मी ह्यांना बाजूला ओढलं. "अहो, तुमच्या आईचं कडवं झालं नाय!"

"मग ते सोड ना. कोणाच्या लक्षात येतंय?"

कोणाच्या लक्षात येतंय म्हणे! ह्यांना काय माहीत बायकांचं.

हळदीच्या दिवशी सकाळपासून बाळ किरकिर करत होतं. मी घेतलं की रडायचं, खाली ठेवलं की रडायचं, माझी भीती त्याला लागली होती बहुतेक. गल्लीत मांडव घातलेला, सगळ्यांची लुगडी पिवळी, नणंद पाटावर बसलेली. बाळाला कोणीतरी माझ्या हातातून घेतलं आणि कोणीतरी माईक दिला. माईक घामानं सटकत होता. ह्यांनी बेंजो मांडीवर घेतला, माझ्याकडं बघितलं आणि चाल सुरू केली.

पहिलं कडवं कसं म्हणलं मला आठवत नाय. दुसऱ्याला बायकांनी टाळ्या धरल्या. मामंजींच्या कडव्याला त्यांनी खरंच कपाळावर हात नेला, चष्मा तिथंच होता, सगळा मांडव हसला. ह्या गाण्यात असं असतं की एक कडवं झालं की गाणारीनं थांबायचं आणि वाजवणाऱ्यानं आपली करामत दाखवायची, मग पुढचं कडवं. तेवढ्यात मला श्वास मिळायचा. दीर झाला, हे झाले, जाऊ झाली, बाळ झालं. मी ह्यांना डोळ्यानं खूण केली, संपवा. तेवढ्यात पुढं बसलेली चुलतसासू ओरडली, "आणि सासूचं गं? सासूला काय मनमाडच्या गाडीत बसवून पाठवलं का?"

बायका हसल्या. मग माना माझ्याकडं वळवून वाट बघायला लागल्या.

तोंड उघडलं, काही नाय. ह्यांनी बघितलं आणि परत करामत सुरू केली. ती संपली, मी गप्पच. परत सुरू केली, आणखी जोरात, कपाळावरून घाम गळत होता, लोकांना वाटत होतं वा काय वाजवतोय, आणि मला दिसत होतं की ह्यांची बोटं आता थकत आली. मला वाटलं हेच शेवटचं. आता माईक खाली ठेवायचा आणि जन्मभर गप भाकरी थापायची, आणि ह्यांनी पण ते गवत विसरायचं. माझ्यामुळं.

मग मला आत्याबाई दिसल्या. कडेला बसलेल्या, एक पाय लांब करून, हात कोपरापर्यंत पिवळे. आणि बाळ त्यांच्या मांडीवर. झोपलेलं. एवढा बेंजो चाललाय, माईक चाललाय, आणि तोंड उघडं टाकून गाढ झोपलेलं, गालावर त्यांच्या बोटांची हळद. मी काही रचलं नाय. जे दिसलं ते म्हणलं:

दिसभर रडलं माझ्यापाशी, उगी म्हणता उगी न राही,
आत्याबाईंच्या मांडीवर झोपलं, बेंजोचीही खबर नाही.

ह्यांनी चाल अशी उचलली की मांडवाच्या कनाती हलल्या वाटलं. बायकांनी मनमाडची गाडी एका गळ्यात धरली. चुलतसासू नाचायला उठली. मी फक्त आत्याबाईंकडं बघत होते. त्या हसल्या नाय. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाय. खोचलेला पदर काढला आणि बाळाच्या कानावर ओढला.

कोणीतरी व्हिडिओ स्टेटसला टाकला. ह्यांच्या पार्टीतल्यांचे फोनावर फोन, "वहिनींनी स्वतः रचलंय? खरंच?" मला कशातच लक्ष नव्हतं. माझं सगळं ध्यान आत्याबाईंच्या तोंडाकडं.

दुसऱ्या दिवशी मी हळदीची भांडी घासत होते, तर त्या मागं येऊन उभ्या राहिल्या.

"अडली होतीस."

"नाय, आत्याबाई... ते ह्यांची पाळी होती वाजवायची."

"इतक्या वेळा? नवरा तुझा असेल, पोरगं माझं हाय. तो कधी मुद्दाम लांबवतो ते मला कळतं."

मी काथ्या पातेल्यावर आणखी जोरात फिरवला. आता म्हणणार, गाण्याचं नाव काढायचं नाय.

"आणि मांडी मांडी काय लावलंय? गुडघ्याला रग लागली होती माझ्या. पाय हलवला असता तर बाळ उठलं असतं. ते कोण सांगणार? ते घाल त्यात." जाता जाता दारात थांबल्या. "लग्नानंतरच्या पूजेला विहीणबाई येणारेत. त्यांच्यापुढं म्हणायचंय. आणि तिथं अडू नकोस, मी सांगून ठेवते."

तेव्हापासून मी भाकरी थापतेय आणि कडव्यात गुडघा बसवतेय. धप धप धप. गुडघा काही केल्या बसत नाय, आणि पूजा जवळ आलीय.