आयच्या लुगड्याला दुबईत मिळालेलं बक्षीस

मी पहिल्यांदा दुबईला निघालो तेव्हा आय विमानतळापर्यंत सोडायला आली होती. लाल चौकड्यांचं लुगडं पोटऱ्यांपर्यंत नेसून मागे घट्ट खोचलेलं, अंबाड्यात अबोली, कानांत सणाला घालायचे जड दागिने. मुलगा परदेशी जातोय म्हणजे तिच्या लेखी सणच होता. मी नव्या शर्टात, हातात नवी बॅग. आजूबाजूला माझ्यासारखेच निघालेले लोक, त्यांच्या आया साडीत नाहीतर पंजाबी ड्रेसात. दोघा-तिघांनी वळून आयकडे पाहिलं. कुतूहलानंच पाहिलं असेल. मी म्हणालो, "आय, तू इथंच थांब. पुढे फार गर्दी आहे."

पुढे गर्दी नव्हती.

तिनं सुकेळ्यांची, म्हणजे घरी वाळवलेल्या केळ्यांची, पुडी माझ्या बॅगेत कोंबली, अंगठ्यानं माझ्या कपाळावर क्रूस काढला आणि म्हणाली, "मोठ्या माणसांत लाजू नकोस हां." ती आमची कादोडी बोली बोलायची. सगळ्यांना कळावं म्हणून इथं मी तिचं बोलणं मराठीत लिहितोय. तिच्या तोंडी ते जास्त गोड होतं.

हे लिहायचं कारण म्हणजे माझी थोरली बहीण, लुसीताई. यंदा दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, आपल्या धर्मग्रामाचा, म्हणजे पॅरिशचा, स्मृती विशेषांक निघतोय. त्यात आयवर एक पान आहे. ताईनं फोनवर सांगितलं, "बस्त्याव, दुबईत आयच्या लुगड्याला गोऱ्यांनी बक्षीस दिलं, ते तू लिही. तू तिथं होतास. मी फोटो देते." ते बक्षीस, म्हणजे नारिंगी प्लास्टिकच्या भोपळ्याचा कप, ताईच्या शोकेसमध्ये पवित्र कुटुंबाच्या मूर्तीशेजारी आहे. गावातल्या बहुतेकांनी तो पाहिलाय. तर मी लिहितोय. पण ताई, तू सांगितलंस ते मला लिहिता येणार नाही.

दुबईत मी एका हॉटेलच्या बँक्वेट ऑफिसात लागलो. पहिली काही वर्षं शारजात एका खोलीत सहा जण, सकाळी दीड तास ट्रॅफिक, संध्याकाळी दोन. मग लग्न झालं, बायकोला, सिसिलला, नर्सची नोकरी मिळाली, जेनिस झाली आणि आम्ही दुबईतच अल बर्शाला टू बेडरूममध्ये आलो. हॉटेलच्या कामात पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट शिकवली जाते, प्रेझेंटेबल दिसा. नखं, बूट, उच्चार. ते मी इतकं मनावर घेतलं की घरीसुद्धा तसाच राहायला लागलो. बिल्डिंगमध्ये ब्रिटिश कुटुंबं बरीच. त्यांच्याशी लिफ्टमध्ये चार वाक्यं नीट बोलता आली की माझा दिवस चांगला जायचा. हे आता लिहिताना कान गरम होतात.

दर ऑक्टोबरला आमच्या लॉबीत हॅलोविन व्हायचं. नवव्या मजल्यावरची हॅरिएट ते करायची. लंडनजवळची बाई, उत्साही, मोठ्यानं हसणारी. कापसाची कोळ्याची जाळी, लटकवलेले सांगाडे, वेषभूषेची स्पर्धा, आणि भुतांची सोंगं घेतलेली पोरं दारोदार खाऊ मागत फिरायची. मी त्या कमिटीत होतो. हॉटेलातून टेबलक्लॉथ आणून द्यायचो, फोटो काढायचो. मला वाटायचं, हा यांचा सण, यात आपण असलो म्हणजे आपणही यांच्यातले.

गंमत अशी की त्यांच्यातच त्यावरून एकमत नव्हतं. सातव्या मजल्यावरचा ग्रॅहम हा यॉर्कशरचा म्हातारा इंजिनियर. तो त्या दिवशी दारावर चिठ्ठी लावायचा, 'कृपया दार वाजवू नये'. मला म्हणायचा, "आमच्या लहानपणी हे नव्हतं. आम्ही पाच नोव्हेंबरला शेकोटी पेटवायचो. हे सगळं अमेरिकेतून आलंय, दुकानदारांनी आणलंय." पाचव्या मजल्यावर एक स्कॉटलंडची बाई होती. ती त्याच्यावर उखडायची. "तुमच्याकडे नसेल. माझ्या आजीच्या गावात कायम होतं. भोपळा कुठला, आम्ही सलगम कोरायचो, घरभर वास सुटायचा. आणि फुकट काही मिळत नसे. गाणं म्हणायचं, कविता म्हणायची, मग सफरचंद, सुका मेवा." हॅरिएट दोघांनाही, "ओ, लायटन अप!" मी तिघांनाही मान डोलवायचो. ज्यांच्यासारखं व्हायला मी धडपडत होतो ते आपसात भांडत होते. त्यावरून तरी मी काहीतरी शिकायला हवं होतं.

तीन वर्षांपूर्वी आय पहिल्यांदा आणि शेवटची आमच्याकडे आली. ऑक्टोबर-नोव्हेंबर असे दोन महिने. मी तिच्यासाठी आधीच गाऊन घेऊन ठेवले होते. "इथं लुगडं धुवायला-वाळवायला त्रास होतो, आय." तिनं गाऊन घातले. महिनाभर ती त्या गाऊनमध्ये घरात वावरत होती, कोणाच्या तरी कपड्यांत पाहुणी आल्यासारखी. खाली न्यायचं मी टाळायचो. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, पेशावरकडचा खानभाई, तेवढा तिचा दोस्त झाला होता. दोघं मोडक्या हिंदीत गुडघेदुखीवर बोलायचे.

लॉबीतले सांगाडे पाहून ती एकदा म्हणाली, "बस्त्याव, या लोकांचं कोणी मेलेलं नाही का रे?"

मी म्हणालो, "अगं आय, मजा असते ती."

ती म्हणाली, "असेल." यंदा बाबांच्या कबरीवर मेणबत्ती लावायला ती नसणार होती. तिच्या हयातीत असं पहिल्यांदाच होत होतं. ताईला ती रोज फोनवर बजावायची, कबर आधी नीट धुऊन घे, झेंडू ताजा आण.

एकतीस तारखेला संध्याकाळी सिसिल ड्युटीवरून येऊन तिला चर्चला नेणार होती. दुसऱ्या दिवशी सर्व संतांचा सण, त्याच्या आदल्या संध्याकाळची मिस्सा. मिस्साला गाऊन घालून जायचं आयला पटलं नाही. तिनं बॅगेच्या तळातून ठेवणीतलं लुगडं काढलं. मी लॉबीत होतो, स्पर्धा रंगात आलेली. लिफ्ट उघडली आणि आय बाहेर आली.

चेटकिणी, रक्त लावलेले डॉक्टर, बँडेज गुंडाळलेली पोरं, आणि त्यांच्यामध्ये लाल लुगड्यात, कानांत सोनं, हातात जपमाळ आणि सुकेळ्यांची पिशवी घेऊन माझी आय. खानभाई खुर्चीवरून उठला. "अरे वा, माताजी! आज तो ईद लग रही है!" त्या सगळ्या लॉबीत तेवढ्या एकालाच कळलं होतं की बाईनं सणाचे कपडे घातलेत.

हॅरिएट धावत आली. "ओ माय गॉड! बस्त्याव, इज धिस युवर मम? द डीटेल! व्हॉट इज शी मेंट टू बी?"

मला दोन शब्द बोलायचे होते. हर क्लोद्स. इंग्रजी मला येतं. त्याच्यावरच तर माझा पगार आहे.

मी हसलो आणि म्हणालो, "ॲन ओल्ड व्हिलेज घोस्ट. फ्रॉम अवर साइड."

जुन्या गावातलं भूत. माझ्या आईला, ती शेजारी उभी असताना, मी भूत म्हणालो. तिला इंग्रजी येत नव्हतं म्हणून म्हणू शकलो.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आयला वाटलं आपलं स्वागत चाललंय. ती पोरांना सुकेळी वाटायला लागली. पाचव्या मजल्यावरच्या स्कॉटिश बाईनं पोरांना दटावलं, "फुकट नाही, आधी गाणं!" आणि भुतांचे कपडे घातलेली पोरं आयसमोर ओळीनं उभी राहून गायली. आय खूश होऊन प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस काढत होती. शेवटी हॅरिएटनं तो भोपळ्याचा कप तिच्या हातात दिला. फर्स्ट प्राइज. फोटो मीच काढला.

ग्रॅहम गोंगाटाची तक्रार करायला खाली आला होता. तो आयकडे बघत राहिला आणि मला हळूच म्हणाला, "ते खोटं सोनं वाटत नाही. हा तिचा नेहमीचा पोशाख आहे का?" ज्या माणसाला हॅलोविन नको होतं त्यानंच नीट पाहिलं होतं. त्यानं मला दुसरी संधी दिली होती.

मी म्हणालो, "नो, नो. ओन्ली फॉर टुनाइट."

जेनिस तेव्हा तेरा वर्षांची होती. तिनं दोन्ही वेळा ऐकलं. माझ्याशी मराठीत बोलायचं तिनं कधीच सोडलं होतं, पण त्या दिवशी इंग्रजीतसुद्धा एकच वाक्य बोलली. "पापा, यू नो दॅट्स नॉट अ कॉस्च्युम." मी तिला म्हणालो, "खलास, जेनिस. नॉट नाऊ." रविवारी मी चर्चमध्ये पोरांना पेत्राची गोष्ट शिकवतो, भीतीपोटी 'मी येशूला ओळखत नाही' असं तीनदा म्हणणाऱ्या शिष्याची. त्याला निदान शेवटी रडू आलं. मी त्या दिवशी टेबलक्लॉथ मोजून गाडीत ठेवले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आय चहात पाव बुडवत म्हणाली, "काल सगळी पोरं काय काय झाली होती, नाही? कोण चेटकीण, कोण भूत." पाव बशीत ठेवला. "मी काय झाले होते रे?"

मी पेपरात डोकं घातलं. "तू काय होणार? तू तूच."

 कप धुऊन, पुसून, गाऊनमध्ये गुंडाळून तिनं बॅगेत ठेवला. त्यानंतर इथून जाईपर्यंत तिनं रोज लुगडंच नेसलं.

गावात जाऊन तिनं सगळ्यांना सांगितलं, दुबईतल्या गोऱ्यांनी लुगड्याला बक्षीस दिलं, माझ्या पोराच्या बिल्डिंगमध्ये. तिला खरं माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येत नाही. नसेल तर मी तिला फसवलं. असेल तर गावभर माझी अब्रू राखत ती दोन वर्षं खोटं बोलली, आणि ते मला जास्त जड जातं.

गेल्या फेब्रुवारीत ती गेली. मी पोचलो तेव्हा तिला तेच लुगडं नेसवलं होतं. शवपेटीशी उभी राहून एक म्हातारी शेजारीण दुसरीला सांगत होती, "हेच ते. दुबईत नंबर आलेलं." मी ऐकलं आणि मान खाली घातली. लोकांना वाटलं, पोराला दुःख झालंय. ते झालंच होतं.

मागच्या महिन्यात हॅरिएटनं लिफ्टमध्ये विचारलं, "यंदा मम येणार का? तो अप्रतिम कॉस्च्युम घेऊन?" मी म्हणालो, ती वारली. आणि तो कॉस्च्युम नव्हता, तिचे कपडे होते. आमच्या सगळ्या आया तेच नेसतात. तिचा चेहरा लाल झाला. तिचा मजला आला, दार उघडलं, बंद झालं, ती उतरली नाही. "बट यू सेड..." एवढंच म्हणाली. हो, मीच म्हणालो होतो. ती बिचारी माझ्यावर विश्वास ठेवून चालली होती.

आखातात, लंडनला, कॅनडाला गेलेल्या आपल्या पोरांनो, तुम्हांला शिकवण्याची माझी लायकी नाही. पण तुमच्याकडे आई राहायला येईल तेव्हा तिच्यासाठी गाऊन घेऊ नका.

ताई, हे छापायचं की नाही ते तू ठरव. कप शोकेसमध्ये ठेवायचा की नाही तेही. घर म्हटलं की इतकी वर्षं मला वाटायचं, तिथं कधीही जावं, दार उघडंच असतं. आता तसं धरून चालायची हिंमत नाही. यंदा दोन तारखेला मी येतोय. जेनिसही येतेय, आयचं दुसरं लुगडं तिला हवंय, कसं नेसतात ते तू शिकवशील का म्हणून विचारत होती, मोडक्यातोडक्या मराठीत. आम्ही आधी कबरीवर जाऊ, मग तुझ्या दारात येऊ. हॅलोविनच्या पोरांसारखा मी बाहेर उभा राहीन, देशील ते घेईन. आणि दारावर ग्रॅहमसारखी चिठ्ठी असली तर वाजवणार नाही. जेनिसला तेवढी आत घे.