बारा फूट भिंत

अर्ज त्यानेच केला होता. गल्लीच्या तोंडाशी तो बोर्ड कोणाच्या कृपेने लागला असं कोणी विचारलं, तर लोक सरळ त्याच्या घराकडे बोट दाखवत, आणि त्यात कोणाचं काही चुकत नव्हतं.

झालं होतं ते असं. विटांचा सहाचाकी ट्रक चालवणारा हा गृहस्थ सात वर्षं गल्लीच्या शेवटी, बंद पडलेल्या गिरणीसमोर गाडी लावत होता. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर त्याने स्वतःच्या हाताने पांढऱ्या रंगात 'सावकाश' लिहिलं होतं. शेवटच्या अक्षराला जागा पुरली नाही, म्हणून ते खालच्या ओळीत एकटंच जाऊन बसलं होतं. तेव्हापासून लोक त्याला सावकाशराव म्हणायला लागले. खरं नाव फक्त लायसनवर उरलं.

मग वळणावर नवी तीन मजली इमारत उठली आणि तिथल्या लोकांच्या मोटारी वळणावर उभ्या राहू लागल्या. रोज संध्याकाळी ट्रक वळवायचा म्हणजे आधी जिने चढून मोटारवाल्यांच्या घंट्या वाजवायच्या, आणि मोटारवाले नेमके तेव्हाच अंघोळीला गेलेले असायचे. शेवटी त्याने बायकोला कागद-पेन घेऊन बसवलं, कारण तिचं अक्षर मोत्याच्या दाण्यासारखं होतं. 'सदर गल्लीतील वाहनांचा बंदोबस्त करावा' हे वाक्य त्याने स्वतः सांगितलं आणि दोनदा वाचून घेतलं. एक्केचाळीस सह्या जमल्या. पहिली सही समोरच्या कंपाउंडर काकांची.

आठवड्याने नगरपालिकेतून एक साहेब टेप घेऊन आला. त्याने रस्ता मोजला. टेपचं दुसरं टोक सावकाशरावानेच धरलं आणि साहेबाला पाणीही त्यानेच पाजलं. सोळा दिवसांनी बोर्ड लागला. तांबडं वर्तुळ आणि त्यात आडव्या रेघेखाली दबलेला एक ट्रक. मोटारींबद्दल चकार शब्द नाही. चित्रातला ट्रक हुबेहूब त्याचाच वाटत होता, फक्त मागे काही लिहायचं राहिलं होतं. लोक अभिनंदन करायला आले. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात, पण धोंडा मोजायला टेप धरणारा हा पहिलाच, असं इमारतीतला एकजण म्हणाला म्हणे.

बायको एवढंच म्हणाली, "मोटारवाल्यांची नावं घाला म्हटलं होतं मी. तुम्हीच म्हणालात, शेजाऱ्यांशी वाईटपणा नको."

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. विटांच्या भट्टीवर पहाटे साडेपाचला भराई सुरू व्हायची आणि मालकाचा नियम सोपा होता. साडेपाचला जो ड्रायव्हर हजर त्याची गाडी. भट्टी घरापासून अठरा किलोमीटर आणि पहिली बस तिथे पोचायची सातला. म्हणजे गाडी घराजवळ उभी हवी, नाहीतर ड्रायव्हरने भट्टीवर राहावं. त्याने आधी नऊ वर्षं तसंच काढलं होतं, भट्टीच्या पत्र्याखाली. फक्त रविवारी घरी यायचा. त्याच नऊ वर्षांत त्याचे वडील गेले, आणि त्यांचं आजारपण त्याने रविवारी रविवारी पाहिलं, एखादी गोष्ट मधली मधली पानं फाटलेल्या पुस्तकात वाचावी तसं. म्हणून आईच्या बाबतीत ते होऊ द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

आईची डावी बाजू दोन वर्षांपूर्वी गेली होती. ती अंगाने भरलेली. सुनेला एकटीला ती उचलली जायची नाही. पहाटे पलंगावरून खुर्चीत आणि संध्याकाळी खुर्चीतून पलंगावर, हे काम मुलाचं. तो काखेत हात घालून उचलायचा तेव्हा म्हातारी म्हणायची, "विटांसारखी उचलू नकोस. वीट फुटली तर मालक कापून घेतो, मी फुटले तर कोणाकडे जाशील?"

तर आता ट्रक कुठे लावायचा? चोवीस फूट लांबीची वस्तू काही खुंटीला अडकवता येत नाही. पेट्रोलपंपवाला हो म्हणाला, पण डिझेल आमच्याकडेच भरायचं म्हणाला, आणि मालकाचं डिझेल दुसरीकडे ठरलेलं. शाळेच्या मैदानावर हेडमास्तरांनी सुट्टीपुरती परवानगी दिली आणि सुट्टी, सुट्ट्यांच्या रीतीप्रमाणे, संपली. कालव्याच्या कडेला लावली तर तिसऱ्या दिवशी बॅटरी चोरीला गेली. मालकाने नवी बॅटरी दिली आणि सांगितलं, की आता गाडी भट्टीवरच राहू दे. महिनाअखेरपर्यंत मुदत द्या, असं म्हणून तो घरी आला. त्या संध्याकाळी त्याने उचललं तेव्हा आईच म्हणाली, "आज फार हलक्याने उचललंस. काय बिघडलंय?"

त्याच आठवड्यात कंपाउंडर काकांनी त्याला हाक मारली. हे काका चाळीस वर्षं एका डॉक्टरच्या दवाखान्यात औषधं देत होते. डॉक्टर गेले, दवाखाना बंद झाला, काकांची बायकोही गेली, तरी गल्लीतले लोक अजून त्यांच्याच ओट्यावर जीभ बाहेर काढून उभे राहायचे. त्यांच्या घरामागे मोकळं अंगण होतं आणि अंगणाच्या भिंतीपलीकडे मागचा मोठा रस्ता, जिथे कसला बोर्ड नव्हता. काका म्हणाले, की पहिली सही माझी, तेव्हा या बंदीत माझाही हात आहे. भिंत बारा फूट पाडली तर तुझी गाडी आत बसेल.

तो नको नको म्हणाला, पण ज्या वेगाने त्याने पहार आणली त्यावरून त्याचं नको किती खरं होतं ते कळत होतं. एका रविवारी दोघांनी भिंत पाडली. काका एकेक वीट औषधाच्या बाटलीसारखी दोन्ही हातांनी घेऊन बाजूला ठेवत होते. विटा जुन्या, निम्म्याहून अधिक फुटल्याच. त्या त्याने चाकांच्या वाटेखाली भरावाला घातल्या.

"तुझी गरज संपली की परत बांधून दे, झालं," काका म्हणाले.

"विटांना काय तोटा आहे माझ्याकडे," तो म्हणाला.

ही गरज कशी संपणार होती, ते त्या वेळी दोघांनीही मनात आणलं नाही. निदान तोंडावर आणलं नाही.

आता ट्रक म्हणजे काय, की चावी फिरवली आणि निघाला, असं नसतं. रात्रभर उभ्या गाडीच्या ब्रेकांची हवा उतरते. सकाळी इंजिन चालू ठेवून ती पुन्हा भरावी लागते. काटा वर चढेपर्यंत ब्रेक सुटत नाहीत आणि चाक हलत नाही. नव्या गाडीला तीन-चार मिनिटं लागतात. याच्या गाडीला बारा, थंडीत पंधरा. तेवढा वेळ इंजिन धडधडतं आणि धूर सोडतं.

धुराची नळी ट्रकच्या उजव्या अंगाला होती. तोंड रस्त्याकडे करून गाडी लावली, की उजवं अंग यायचं काकांच्या निजायच्या खोलीच्या खिडकीला. तोंड आत करून लावली असती, तर धूर पलीकडच्या ओसाड जागेकडे गेला असता. पण मग रोज पहाटे गाडी उलटी रस्त्यावर काढावी लागली असती, मागे कोणी पाहणारं नसताना. तोंड बाहेर बरं पडायचं. त्याने तोंड बाहेर ठेवलं.

पहिल्या आठवड्यात काका खिडकीतून हात करायचे. दुसऱ्या आठवड्यापासून खिडकी बंद दिसू लागली. थंडीचे दिवस, माणूस खिडकी लावणारच, असं त्याने स्वतःला समजावलं. मग इंजिनच्या आवाजाखालून खोकला ऐकू यायला लागला. कोरडा, एकामागून एक. त्याने ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरला. हवा लवकर भरावी म्हणून. खोकला ऐकू येईनासा झाला. दुसऱ्या दिवशीही त्याने तेच केलं, आणि पुढे तो पाय आपोआपच तिथे जायला लागला.

काकांनी एकदाच विचारलं. संध्याकाळी गाडी लावताना ते अंगणात उभे होते, गळ्याभोवती मफलर. "हवा भरायला इतका वेळ लागतो का रे?"

"जुनी गाडी आहे काका. सावकाश भरते."

काका हसले, म्हणाले, नावाला जागतोस हो. आणि आत गेले. चाळीस वर्षं वाईट बातमी डॉक्टरांवर सोपवून आपण फक्त गोळ्या मोजत आलेला माणूस तो. त्याच्या तोंडून 'तुझ्या धुराने माझा जीव चाललाय' हे निघणं शक्यच नव्हतं. हे सावकाशरावाला चांगलं ठाऊक होतं, आणि तेच त्याच्या सोयीचंही होतं.

असे चार महिने गेले. एके दिवशी आईला कणकण होती म्हणून बायको थर्मामीटर मागायला काकांकडे गेली आणि परत येऊन पदराला हात पुसत बसली. म्हणाली, काकांची खाट स्वयंपाकघरात आहे, चुलीला लागून. निजायच्या खोलीच्या दाराखाली ओला टॉवेल कोंबलाय. खिडकीच्या चौकटीवरून मी बोट फिरवलं. तिने बोट दाखवलं. पुसूनही काळं होतं.

"तुम्हाला खोकला ऐकू येत नव्हता?" तिने विचारलं.

 त्याच्याआधी खुर्चीतून आई म्हणाली, "मला इथे येत होता."

उद्यापासून तोंड आत करून लावतो, असं तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दोन खेपा झाल्या, कंबर धरली, म्हटलं आजचा दिवस. तिसऱ्या दिवशी काहीतरी दुसरं. पाचव्या दिवशी तो संध्याकाळी आला तेव्हा अंगणात काकांची मुलगी उभी होती. दुसऱ्या गावाहून आली होती, हातात वडिलांची पिशवी. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, तो ते ऐकून घेणार होता. ती ट्रकच्या नळीकडे आणि मग खिडकीकडे पाहून म्हणाली, "बाबांनी आयुष्यभर लोकांचे खोकले बरे केले." बस्स. 

काका मात्र हवापालट, हवापालट असं दोनदा म्हणाले. महिनाभराचा प्रश्न. अंगणाकडच्या दाराची किल्ली त्यांनी सावकाशरावाच्या हातात ठेवली. "गाडी लावत जा. घर उघडं वाटत नाही." ओटा उतरताना ते दोनदा थांबले. त्याने हात पुढे केला. विटा उचलणारा हात, आईला उचलणारा हात. काकांनी तो धरला आणि रिक्षापर्यंत सोडला नाही. तेवढ्या वाटेत त्याला माफी मागता आली असती. पण काका इतके धापत होते, की त्यांना उत्तर द्यायला लावणं बरं दिसलं नसतं, असं त्याला तेव्हा वाटलं. माफीला उत्तर लागत नाही, हे पुढे सुचलं.

त्या दिवसापासून तो गाडी तोंड आत करून लावतो. पहाटे उलटी काढताना उतरून मागे बघायचं, दोन फूट सरकायचं, परत उतरायचं. सगळं मिळून सात मिनिटं जास्त लागतात. सातच. धूर ओसाड जागेकडे जातो. खिडकी आता उघडी असते, कारण बायको आठवड्यातून एकदा जाऊन खोली झाडते आणि हवा खेळावी म्हणून ती उघडी ठेवते. खाट तिने परत जागेवर नेऊन ठेवली आहे.

महिन्याचं वर्ष होऊन गेलं. अशी जागा आसपासच्या कोणाही ड्रायव्हरकडे नाही. आपलं अंगण, आपली किल्ली, वर ना भाडं ना बोर्ड. भट्टीवरचे लोक म्हणतात, नशीब काढलंस. तो विषय बदलतो.

रविवारी तो काकांना फोन लावतो. पूर्वी काका एका दमात पुरं वाक्य बोलायचे, आता वाक्याच्या मध्ये दोन जागी श्वास घ्यावा लागतो आणि तो इकडे ऐकू येतो. फोनमध्ये इंजिन नसतं. मागच्या रविवारी त्याने मनाशी पक्कं करून म्हटलं, "काका, भिंतीच्या विटा मी या आठवड्यात आणून रचतो."

काकांनी विचारलं, "आई कशी आहे?"

"आहे."

"मग भिंतीची," काका थांबले, "घाई करू नकोस."

त्या संध्याकाळी आईला पलंगावर न्यायच्या वेळी त्याने तिला सांगितलं, की कंपाउंडर काका असं असं म्हणाले. म्हातारीने त्याच्या खांद्यावर आपला चांगला हात टाकला.

"घाई कोणाला आहे?" ती म्हणाली. "मला तर मुळीच नाही. उचल आता."

त्याने उचललं. सोमवारी त्याने तीन हजार विटा भरल्या आणि कोणाच्या तरी नव्या घराच्या कुंपणासाठी नेऊन उतरवल्या. परत येताना ट्रक रिकामा होता. भिंतीतल्या बारा फुटांच्या खिंडीतून तो आत आला, तोंड आत करून गाडी लावली आणि आईला उचलायला गेला.